‘आता वय झालं’ हे दुखण्याचं नाव नाही

आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला असतो. आई सांगायची, तू ज्वारी काढणीच्या दिवसांत झालास, नाहीतर बाजाराच्या दिवशी झालास. पण शाळेत नाव घालताना तारीख लागायची आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे याच तारखेवर नोकरी लागली आणि याच तारखेवर सुटली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला राज्यातल्या कचेऱ्यांत हार-नारळाची एकच गर्दी उडते. कागदावर ५८ पूर्ण. खरं वय ५६ असेल, नाहीतर ६१.

वाटूरच्या आमच्या वस्तीत असे कागदावर निवृत्त झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कुणी शिक्षक, कुणी एसटीचा वाहक, कुणी शिपाई, कुणी अंगणवाडी सेविका. बाकीच्यांना निवृत्तीची तारीखच नाही. कापूस वेचणारे, सोयाबीन सोंगणारे, मोसंबीच्या बागेत आळी खोदणारे, दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याकडे जाणारे, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत भट्टीसमोर उभे राहिलेले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पोरं आज पासष्टी-सत्तरीत आहेत. त्यांच्या जन्माच्या वेळी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. म्हणून काहींच्या जुन्या कागदांवर परभणी आणि आधारवर जालना आहे. कागदांचं पुढे सांगूच.

हे लिहिणारे आम्ही दोन्हींतले आहोत. काही नोकरी संपवून गावी परतलेले, काही इथंच राबून थकलेले. एक गोष्ट मात्र दोघांची सारखी. आमच्या घराण्यांत म्हातारपण कसं काढायचं हे कुणी पाहिलेलंच नाही. आज्यानं गावकी केली, येसकराची काठी धरली, आणि काम सुटलं ते अंथरुणाला खिळल्यावरच. आजी शेवटच्या हंगामापर्यंत खुरपत होती. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झालं, तिथून आणि तसल्या शाळा-वसतिगृहांतून शिकलेली पिढी नोकरीला लागली. आपल्या लोकांत पेन्शन खाणारी पहिली माणसं तीच. त्यामुळे काम थांबल्यावर दिवस कसा घालवायचा, अंगाकडे कसं बघायचं, पैसा कसा राखायचा, याचा धडा देणारं घरात कुणी नव्हतं.

धडा नव्हता, पण एक वाक्य होतं. ‘आता वय झालं.’ गुडघा दुखला, वय झालं. दिसेना, वय झालं. रात्री चार वेळा उठावं लागलं, जेवण जाईना, नातवाचं नाव आठवेना, वय झालं. मुलगा म्हणतो, सून म्हणते, सुई टोचणारा डॉक्टर म्हणतो, आणि सगळ्यांत आधी म्हातारं माणूस स्वतःच म्हणतं. कारण तसं म्हटलं की घरातल्या कुणाला खर्चात पडावं लागत नाही. आमच्या वस्तीत दवाखान्यात न जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण गरिबी आहे हे खरं, पण तिच्या खालोखाल हे वाक्य आहे.

वय कोणतं, आजार कोणता

केस पिकणं, कातडी सैल होणं, जवळचं वाचायला चष्मा लागणं, झोप सावध होणं, पूर्वीच्या झपाट्यानं चालता न येणं, एखादं नाव चटकन न सुचून थोड्या वेळानं आठवणं, हे वयाचं. ते इतकं हळू येतं, की कधी सुरू झालं हे सांगता येत नाही. म्हणून आम्ही एकमेकांना एक प्रश्न विचारतो : हे कधीपासून? उत्तर जर ‘पोळ्यापासून दम लागतोय’ किंवा ‘जयंतीपर्यंत तर मी फाट्यावर चालत जात होतो’ असं आलं, तर ते वय नव्हे. वयाला पोळा आणि जयंती कळत नाही. कारण शोधायला डॉक्टरकडेच जावं लागतं.

ही कसोटी सगळ्याला पुरत नाही. रक्तदाब आणि साखर वाढते तेव्हा दुखत काहीच नाही. ते मोजूनच कळतं, म्हणून साठीनंतर काही होत नसलं तरी मोजायचं. बाबासाहेबांना मधुमेहानं शेवटच्या वर्षांत किती छळलं, पाय आणि नजर किती थकली, हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ते गेले तेव्हा ६५ वर्षांचे होते. त्यांच्या काळी घरच्या घरी साखर तपासायचं यंत्र नव्हतं. आज तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते आणि गोळ्याही तिथंच मिळतात. गोळी सुरू झाली आणि आकडा उतरला, की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती सोडणारे आमच्यात खूप आहेत. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. गोळी सोडली की तो परत चढतो आणि कळत नाही.

गुडघा आणि दुखीची गोळी

आमच्या पिढीचं सगळ्यांत मोठं दुखणं गुडघ्याचं आणि कमरेचं. आयुष्यभर उकिडवं बसून खुरपलं, डोक्यावर मोळी-पाटी वाहिली, एसटीच्या वाहकानं तीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली. हाडांच्या सांध्यातली गादी झिजते, हे खरं. ती परत भरून येत नाही, हेही खरं. पण तिच्यावर आपण जो उपाय करतो तो दुखण्यापेक्षा घातक ठरतो आहे.

उपाय म्हणजे मेडिकलमधून आणलेली पुडी. दोन रंगाच्या तीन गोळ्या, कशाच्या हे विचारायचं नाही, खाल्लं की तासाभरात माणूस चालायला लागतो. आठवड्याला बाजार असतो तशी काहींची आठवड्याला सुई असते. यातल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या चार-पाच दिवस डॉक्टरच्या सांगण्यावरून घेणं वेगळं आणि वर्षानुवर्षं रोज खाणं वेगळं. रोज खाल्ल्या तर पोटात जखमा होतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडं निकामी होत जातात. शौचाला डांबरासारखं काळं होणं, पायावर सूज येणं, लघवी कमी होणं ही त्याची लक्षणं. रक्तदाब किंवा साखर आधीच असलेल्याला हा धोका जास्त. मूत्रपिंड गेलं की आठवड्यातून दोन-तीन वेळा रक्त शुद्ध करून घ्यायला मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. तो हेलपाटा ज्या घराला पडला आहे, त्यांना विचारा.

काही पुड्यांत स्टेरॉइड असतं. ते जादूसारखं काम करतं, म्हणूनच ओळखावं. भूक एकदम वाढते, तोंड गोल फुगतं, अंगावर सहज काळे-निळे डाग पडतात, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी कुणी महिनोन् महिने खात असेल तर त्यानं ती एका दिवसात बंदही करू नये. अंगाला तिची सवय झालेली असते आणि अचानक सोडली तर माणूस कोसळू शकतो. ती पुडी, रिकामी पाकिटं, जे असेल ते घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला दाखवून हळूहळू कमी करायची.

मग गुडघ्याचं करायचं काय? पॅरासिटामॉल ही त्यातल्या त्यात सौम्य गोळी, तीही डॉक्टरनं सांगितल्याइतकीच. गरम पाण्याचा शेक. आणि मांडीचे स्नायू घट्ट करणं; गुडघ्याचा भार तेच उचलतात. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत तसाच धरायचा, खाली आणायचा. असं प्रत्येक पायाचं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात फरक वाटत नाही आणि इथंच आमच्यातले निम्मे सोडतात. दीड-दोन महिने केलेले मात्र जिना चढताना फरक सांगतात. खाली बसणं टाळायचं. संडासासाठी भोक असलेली खुर्ची मिळते. ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाला मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा वस्तूंसाठी एकदा ३,००० रुपये खात्यावर देण्याची तरतूद आहे. काठी, चष्मा, कानाचं यंत्र, कमरेचा पट्टा हेही त्यात बसतं. काठी धरायची लाज वाटते म्हणून भिंतीला धरून चालणारे लोक आमच्याकडे आहेत. आज्याची काठी गावाची चाकरी करायला होती; ही स्वतःसाठी आहे.

माय सांगत नाही ते

बायांचं लिहिल्याशिवाय हे पान पुरं होणार नाही. आमच्यातल्या बायांनीच आग्रह धरला म्हणून उघड लिहितो.

बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवसांत कामाला लागलेल्या, डोक्यावर ओझं वाहिलेल्या बायांचं उतारवयात अंग बाहेर येतं. म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, कधी बाहेरही येतं. बसताना खुपतं, लघवी लागून राहते किंवा खोकला आला तरी थेंब जातो. कमरेत ओढ लागते. आणि बाई वीस-वीस वर्षं हे लुगड्याच्या आत दाबून ठेवते; नवऱ्याला सांगत नाही, लेकीला सांगत नाही. लघवीच्या वासाच्या लाजेनं विहारात यायचं बंद करते, लग्नाला जायचं बंद करते. घरचे म्हणतात, आजीला आता कशात रस उरला नाही.

यावर उपाय आहे. सुरुवातीला स्नायू आवळण्याचा व्यायाम, नाहीतर आत बसवायची रबरी कडी. जास्त असेल तर शस्त्रक्रिया. परतूरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवायचं, तिथून गरज पडली तर जालन्याचं जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी. सरकारच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. केस-पेपरचे पैसेही नाहीत.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी त्या आठवड्यातच डॉक्टरकडे जायचं. ‘उष्णता झाली’ म्हणून धण्याचं पाणी पीत बसायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाचा कर्करोग असाच सुरू होतो आणि लवकर सापडला तर बरा होतो. मिश्री लावणाऱ्या बायांनी आणि तंबाखू मळणाऱ्या पुरुषांनी तोंडातही आरशात बघावं. दोन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, हे दाखवायलाच हवं.

पुरुषांचं लपवणं वेगळ्या तऱ्हेचं. लघवीची धार बारीक होते, रात्री सारखं उठावं लागतं, पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. ती प्रोस्टेटची गाठ असते, बहुधा साधी, आणि गोळ्यांनी आराम पडतो. पण रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच बंद करणारा माणूस एप्रिल-मेच्या उन्हात चक्कर येऊन पडतो. मराठवाड्याचा उन्हाळा काय असतो हे आम्ही सांगायला नको. उतारवयात तहानच कमी लागते, म्हणून तहान लागायची वाट न बघता दिवसा पाणी प्यायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरनं पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर तेवढंच.

पडणं, दिसणं, खाणं

रात्री उठून अंधारात मोरीकडे जाताना पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं, इथून कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा शेवट सुरू होतो. उठल्याबरोबर उभं राहायचं नाही. बाजेच्या कडेवर पाय सोडून बसायचं, तीसपर्यंत मोजायचं, मग उभं राहायचं. वयात रक्तदाब एकदम खाली येतो आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. मोरीच्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा. अंगठ्यावरची सैल चप्पल नको. पडलंच आणि पाय टेकवेना, तर खुब्याचं हाड बसवणाऱ्याकडे चोळून बसत नाही. त्याच दिवशी रुग्णालयात. चोळण्यात आठ दिवस गेले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि मग शस्त्रक्रिया करूनही माणूस उठत नाही.

एका बाजूचं तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं जड झालं, की ‘वारं गेलं’ म्हणून उतारा काढायला जाऊ नका. १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि मोठ्या रुग्णालयात पोचून तपासणी व्हायलाच वेळ लागतो. आपल्याकडून जालना गाठायचं म्हणजे घड्याळ तेव्हाच सुरू झालेलं असतं.

मोतीबिंदूचं फार सांगत नाही, कारण ती शस्त्रक्रिया आता लोकांच्या परिचयाची झाली आहे. ‘पिकू दे, मग काढू’ एवढं मात्र जुनं झालं. पिकायची वाट बघायची नसते. आणि काचबिंदू हा वेगळा. त्यानं गेलेली नजर परत येत नाही, म्हणून डोळे दाखवायला गेलात की डोळ्याचा दाबही बघायला सांगा. कानाकडे तर कुणीच बघत नाही. ऐकू येईना की माणूस बोलणं सोडतो, लोक त्याच्याशी बोलणं सोडतात, आणि घरात तो असून नसल्यासारखा होतो.

खाण्याबद्दल एक समज आमच्या वस्तीत घट्ट बसला आहे : म्हाताऱ्याला काय लागतं, अर्धी भाकरी आणि ठेचा. हे साफ खोटं आहे. म्हातारपणी भूक कमी लागते, पण स्नायू झडू नयेत म्हणून डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांची गरज तरण्या माणसापेक्षा कमी नसते, थोडी जास्तच असते. साधारणपणे वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅम तरी प्रथिनं लागतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम मिळतात. दात नसतील तर घट्ट वरणात भाकरी कुस्करून, शेंगदाण्याचा कूट घालून, अंडं उकडून कुस्करून. परवडतं तिथं मटणाचा रस्साच नव्हे, त्यातला मऊ तुकडाही म्हाताऱ्याच्या ताटात यावा. आमच्या घरांत रस्सा आजीला आणि तुकडे पोरांना अशी वाटणी असते आणि ती आजीच करते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तेवढं डॉक्टरला विचारून खावं. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, पापड-लोणचं त्यातच धरून. आणि कपडे ढिले व्हायला लागले, पन्नास किलोचा माणूस सहा महिन्यांत अडीच किलोनं उतरला, तर ते वय नाही. क्षय, साखर, कर्करोग, किंवा मनाचा आजार, काहीतरी शोधायला हवं.

सरकारची पाच म्हातारपणं

५८ ला नोकरी जाते, चतुर्थ श्रेणीची ६० ला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात म्हातारपण ६० ला सुरू होतं. एसटीचं अर्धं तिकीट आणि श्रावणबाळ योजना ६५ ला. उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड ७० ला. एसटी फुकट ७५ ला. आमच्या वस्तीतल्या ऊसतोड मजुराची कंबर पंचेचाळिशीत जाते. तो यातल्या एकाही रांगेत बसत नाही.

तरी जे आहे ते घ्यायला हवं. श्रावणबाळचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा वर्षाला २१,००० च्या आत उत्पन्नाचा दाखला लागतो. लाडकी बहीणचे पैसे ६५ पर्यंतच आहेत, त्यामुळे ज्या बायांची पासष्टी जवळ आली त्यांनी श्रावणबाळचे कागद आधीच जमवावेत. वयाचा घोळ इथंच नडतो. आधार काढताना कुणी अंदाजानं साल सांगितलं, आणि सत्तरीची बाई कागदावर एकसष्टची निघते. शाळेचा दाखला नसेल तर आधार दुरुस्तीला कोणता पुरावा चालेल हे सेतू केंद्रात विचारून ठेवा. आजारपण आल्यावर ही धावपळ होत नाही.

आणखी एक अडचण राबणाऱ्याच्याच वाट्याला येते. खुरपं, कोयता, सिमेंट यांनी बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्रावर अंगठा उमटत नाही. रेशनला नाही, बँकेत नाही, हयातीच्या दाखल्याला नाही. अशा वेळी डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, ती मागून घ्यायची. ‘अंगठा लागत नाही, उद्या या’ यावर परत फिरायचं नाही.

पेन्शनवाल्यांचंही सगळं गोड नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ठीक मिळतं, पण एसटी आणि कारखान्यातले लोक भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शनमध्ये येतात. तिचा किमान आकडा २०१४ पासून १,००० रुपयांवर आहे. निवृत्तीला जी एकरकमी रक्कम येते ती वर्ष-दीड वर्षात लग्नात, घराच्या स्लॅबमध्ये आणि मुलाच्या धंद्यात जाते. आम्ही कुणाला मुलांना देऊ नका म्हणत नाही. उपचाराला लागेल एवढी रक्कम स्वतःच्या आणि बायकोच्या जोडनावावर राहू द्या, एवढंच म्हणतो. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्रानं करायचं असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या कायद्याचं २३ वं कलम अशी अट मोडल्यास तो व्यवहार रद्द करून मागायची मुभा देतं. मुलं खायला घालत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. माहितीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा फोन आहे. बक्षीसपत्रावर सही करताना डोळे भरून येतात, त्याच क्षणी अट लिहा म्हणणं जिवावर येतं. ते आदल्या दिवशी बोलून घ्यावं.

रिकामा दिवस

निवृत्तीचे पहिले दोन महिने सणासारखे जातात. मग दिवस अंगावर येतो. शाळेची घंटा नसते तरी गुरुजी साडेनऊला कपडे करून बसतात. ज्याला रोज शेकडो माणसं तिकीट मागत होती त्याला दिवसभर कुणी काही मागत नाही. घरात जाता-येता पायात येतो म्हणून बायको कुरकुरते, आणि तिचं खरंच असतं. नवरा निवृत्त झाला की त्याचा दुपारचा चहा तिच्या कामात वाढतो, तिला कुणी हार घालून निवृत्त केलेलं नसतं. काही जण फाट्यावर जाऊन बसतात, तिथून गुत्त्याची वाट जवळ असते. आमच्यातल्या नोकरदारांत दारू निवृत्तीनंतर वाढली, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितलं आहे. म्हातारं शरीर दारू हळू पचवतं; पूर्वीचंच माप आता जास्त चढतं आणि पडायचं ते अंधारातच.

मनाचा आजार म्हातारपणात रडण्यातून दिसतोच असं नाही. जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते, अंग दुखतं पण नेमकं कुठं ते सांगता येत नाही, ‘आता आपलं झालं’ हे वारंवार तोंडी येतं. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर १४४१६ वर फोन करता येतो, फुकट, मराठीत. उपचारानं माणूस उठतो, सत्तरीचाही. विसरण्याचंही तसंच. चहात साखर घातली का हे विसरणं चालतं; रोजच्या वाटेवरून घरी यायचं विसरणं दाखवायला हवं. थायरॉइड कमी असणं किंवा ब-१२ जीवनसत्त्व नसणं यानंही डोकं बोथट होतं, आणि ते गोळ्या-इंजेक्शनांनी सुधारतं. आणि कालपर्यंत नीट असलेलं माणूस आज एकाएकी बरळायला लागलं तर आधी लघवीतला जंतू, ताप, पाणी कमी पडणं, साखर उतरणं, हे बघायला लावा. बाहेरचं काही नसतं.

आम्ही वर्गणी काढून रक्तदाबाचं एक यंत्र घेतलं आणि ते विहारात ठेवलं. एसटीतून निवृत्त झालेला आमचा मित्र वही सांभाळतो. नाव, तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, अगदी वाहकाच्या पत्रकासारखं. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, अर्धा तास चहा-तंबाखू नाही, हात छातीच्या पातळीत, बोलायचं नाही. बोलायचं नाही हे कुणाला जमत नाही. पुन्हा पुन्हा १४० च्या वर किंवा खालचा ९० च्या वर आला तर आरोग्य केंद्रात जायचं, आणि एकट्यानं जायला भीत असेल तर वहीवाला सोबत जातो. मोजून झालं की आम्ही फाट्यापर्यंत चालून येतो. आठवड्याला अडीच तास चालणं आणि तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम, एवढं पासष्टीनंतरही हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तोलाचा व्यायाम म्हणजे विहाराच्या भिंतीला एक हात लावून एका पायावर उभं राहणं. पोरं हसतात.

वहीची पानं उलटली तर एक गोष्ट लगेच दिसते : नावं बहुतेक पुरुषांची आहेत. यंत्र संध्याकाळी सहाला काढतो, आणि सहाला बाया चुलीपाशी असतात. अंग बाहेर येणाऱ्या, रक्तदाब असणाऱ्या, सगळ्यांत जास्त पुड्या खाणाऱ्या त्याच. म्हणून आता रविवारी सकाळी वंदना झाल्यावर यंत्र फक्त बायांसाठी ठेवायचं ठरवलं आहे. निवृत्त अंगणवाडी सेविका बसणार आहेत, वही वेगळी राहील आणि पुरुषांनी त्या वेळेत ओट्यावर यायचं नाही.